दाते मोजणारा आवाज

ही गोष्ट माझ्या घरातली आहे. रचलेली नाही. डोणगावात जुनं माणूस कोणी उरलं असेल तर त्याला विचारून बघा. ते आधी इकडंतिकडं पाहील, मगच तोंड उघडेल.

तुम्ही म्हणाल, रात्र कोणती होती?

रात्र नव्हती. वैशाखातली भर दुपार होती. सावली जेव्हा भिऊन पायाखाली शिरते ना... ती वेळ.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. वऱ्हाड अजून नागपूरच्या कारभारात होतं. विलायतेहून यंत्रांचे सुटे भाग येणं बंद झालं होतं, त्यामुळं माझ्या अब्बांच्या हाताला उसंत नव्हती. वाहेद मिस्त्री म्हणत त्यांना. गावाच्या टोकाला टिनाचं छप्पर, त्याखाली तेलाचं इंजिन आणि पट्ट्यावर फिरणारं, लोखंड कापायचं एक जुनं मिलिंग मशीन. कुणाच्या पंपाचं चाक मोडलं, कुणाच्या सरकीच्या यंत्राचा दांडा गेला, की मोडका तुकडा घेऊन माणूस यायचा. अब्बा तसाच नवा कापून द्यायचे.

निवृत्तीचाचा त्यांचे जोडीदार.

दातेरी चाक कापायचं काम दोघांचं. अब्बांची नजर कटरवर. चाचा प्रत्येक दात्याला चाक एक घर पुढं सरकवायचे आणि मोठ्यानं आकडा म्हणायचे. खळ्यावर धान्य मापतात तसा. पहिल्याला 'एक' नाही, 'बरकत' म्हणायचं. मग दोन, तीन... जात्यावरच्या ओवीसारखा सूर. दर आकड्याला अब्बांनी "हाव", म्हणजे हो, म्हणायचं, त्याशिवाय चाक हलायचं नाही. मधला एक दाता चुकला की शेवटचा अर्धाच बसतो, आणि अख्खं चाक भंगारात जातं.

त्या दिवशी किसनरावांच्या मळ्यात विहीर खोल करणं चालू होतं. पंप अडला म्हणून चाचा खाली उतरले. सुरुंगानं खिळखिळी झालेली कड सुटली. मोठा दगड त्यांच्या मांडीवर बसला.

आणि झरा फुटला.

पाणी उपसलं तरच दगडाखाली साखळी घालता येणार होती. पंप कसाबसा चालू केला. थोडा वेळ चालला... आणि चाकाचे दाते तुटून थांबला.

अब्बा काठावरून ओरडले, "निवृत्ती, भिऊ नको बे! नवं चाक कापून आन्तो!"

खालून चाचा म्हणाले, "लवकर ये बे! नाई तं तुयाआधी माईच आंघोय होऊन जाईन!"

माणसं हसली. झुंबरमावशी, चाचांची घरवाली, हसली नाही. पदराचा बोळा तिनं दातांत धरला होता.

गावातले सगळे हात मोटेच्या दोराला लागले होते. अब्बा एकटेच धावत कारखान्यात आले. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोल कातून ठेवलेला होता, तो मशीनवर चढवला. इंजिन धडधडू लागलं. आता आकडा म्हणायचा म्हणून तोंड उघडलं...



आणि बाजूनं आवाज आला...

"बरकत..."

चाचांचा आवाज. तोच सूर.

अब्बांनी मान वळवली. चाचा उभे राहायचे ती जागा मोकळी होती. जमिनीवर नुसतं ऊन पडलं होतं.

"हाव," अब्बा म्हणून गेले.

भर दुपारी न दिसणाऱ्याला ओ देऊ नये, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक असतं. पण ते "हाव" त्यांच्या तोंडानं दिलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं दिलं होतं.

"दोन..."

"हाव."

इंजिनाच्या एवढ्या गोंगाटात तो आवाज अगदी कानाशी येत होता. ओलसर. आणि घुमत होता... टिनाखाली घुमतो तसा नाही. विहिरीत घुमतो तसा.

तेव्हा अब्बांच्या मनात आलं. हा इथं आहे, तर तिथं कोण आहे?

"जाय बे निवृत्ती!" ते रडत ओरडले. "माया राजा, इथं नको येऊ! तिकडं जाय!"

आवाज थांबला.

कटर फिरत होता. पाणी तिकडं चढत होतं. आणि अब्बांना आकडाच आठवेना.

मग हळूच... लेकराला समजवावं तसा...

"अकरा..."

"हाव," अब्बा म्हणाले. दुसरं करणार काय?

चाक पुरं झालं. एकही दाता चुकला नाही.

अब्बा पोचले तेव्हा पाणी चाचांच्या हनुवटीला लागलं होतं. पंप सुरू झाला. दिवेलागणीला साखळी ओढून त्यांना वर काढलं.

जिवंत होते!

झुंबरमावशीनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोला ना हो... काई तं बोला."

चाचांनी तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज नव्हता. कण्हणंसुद्धा नाही.

मोटेवरचा मोतीराम मग म्हणाला, "वाहेदभाऊ गेले तवापासूनच असं. तोंड हालून राह्यलं होतं त्याचं, पन काई ऐकूच येत नोतं."

मेहकरच्या डॉक्टरनं घसा तपासला. काही दोष सापडला नाही.

मांडी जुळली. चाचा लंगडत कामावर आले. अब्बांनी मशीन चालू केलं...

"बरकत..."

चाचा आपल्या जागेवर उभे होते. ओठ मिटलेले. स्वतःचा आवाज ऐकत होते. डोळ्यांना धार लागली होती.

तो आवाज मीही ऐकला आहे. तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणजे मी काही लहान नव्हते.

अब्बांनी एकदा "हाव" म्हणायचं नाही असं ठरवून पाहिलं. आवाज तोच आकडा पुन्हा म्हणाला. पुन्हा. मग काकुळतीला येऊन... पुन्हा. शेवटी त्याला ओ द्यावी म्हणून चाचांनीच अब्बांपुढं हात जोडले.

मौलवींचा ताईत झाला. चाचांच्या भावकीनं भगत आणला. काही उपयोग झाला नाही.

झुंबरमावशी रोज कारखान्याच्या दारात येऊन बसू लागली. "मालकाचा आवाज ऐकाले येतो, भाऊ. मले हाकलू नका." एका दुपारी ती म्हणाली, "माया घरी जेवते तो कोन, अन् तुमच्या इथं बोलते तो कोन? मी कुंकू कोनाच्या नावाचं लावू, सांगा."

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. सकाळी अम्मीला म्हणाले, "मशीन विकतो. माह्याच्यानं आता सहन होत नाई."

खामगावचं गिऱ्हाईक मिळालं. जानेफळचा हिंमतराव गाडी घेऊन आला. तो परगावचा, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मशीन चढवलं. चाचा गाडीमागं चालू लागले. शिवेपर्यंत पोचवून येतील, असंच सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग रिकामी गाडी घेऊन हिंमतराव परतला.

"वाहेदभाई, लय बोलघेवडा गडी दिला राजेहो संगतीले! वाटभर तोंड बंद नाई त्याचं. हसू हसू पोट दुखलं माह्यं."

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. "कोठी हाये तो?"

"खामगावच्या अलीकडं मागं पाह्यलं, तं नाई. मले वाटलं वापस फिरला."

झुंबरमावशी पुढं आली. "काय बोलत होते?"

"तुमच्याच गोष्टी, वैनी. म्हने, माई घरवाली नवी नवरी असताना रातच्याले चुलीपाशी बसून चोरून गूळ खाये. अन् मी झोपेचं सोंग घेऊन पाहो."

मावशी हसली. विहिरीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. 

"ते जागे होते..." ती म्हणाली. "हे त्यायनं मले कधीच नाई सांगितलं."

माणसं वाटेवरच्या विहिरी, ओढे, झाडोरे धुंडाळून आली. चप्पल नाही, पागोटं नाही, काहीच नाही. खामगावहून निरोप आला, मशीन चांगलं चालतं, कसली तक्रार नाही. आकड्यांबद्दल अब्बांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

झुंबरमावशी मरेपर्यंत कुंकू लावत राहिली.

ते पुस, असं तिला गावात कुणी म्हटलं नाही. म्हणणार तरी कशाच्या भरवशावर...