बसू का, सर?

मोबाइल बाजूला ठेवा आधी. खुशी, तू तर नीटच ऐक, पुढच्या महिन्यात डॉक्टरकी शिकायला चालली आहेस. ही गोष्ट कमलाकरची. डॉक्टर कमलाकर, माझा शाळेपासूनचा दोस्त, इथंच यवतमाळात मागच्या गल्लीत राहतो. मोठा तापट माणूस, पण खोटं बोलणारा नाही.

दोन हजार अठरा साल. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. बहिणीला नेरला सोडून तो एकटाच गाडीनं परत येत होता. निघण्याआधी वॉर्डातून प्राचीचा फोन आला होता. प्राची म्हणजे त्याच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टर. सलग जागरणं झालीत, आजची रात्र दुसऱ्या कुणाला देता का, असं रडवेल्या आवाजात विचारत होती. यानं तिला झाडलं नि फोन ठेवून दिला.

झाडायची सवयच होती त्याला. आदल्या वर्षी ऐन फवारणीच्या दिवसांत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. कापसावर मारायचं औषध अंगात भिनलेली माणसं रोज दवाखान्यात येत होती. रात्रभर त्यांच्या उशाशी उभं राहायचं, नाडी पाहायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, पुन्हा इंजेक्शन द्यायचं. हे सगळं शिकाऊ पोरांच्या गळ्यात. त्यातलाच एक सलील, नेरचा. हसरा पोरगा. तो हळूहळू बोलेनासा झाला, डबा तसाच परत पाठवू लागला. हंसाबाई सिस्टरच्या ते लक्षात आलं. ती कमलाकरला म्हणाली, "साहेब, त्या पोराले झोपू द्या जरा. त्याचं काही ठीक नाही दिसून राह्यलं."

नखरे आहेत, म्हणून यानं ते हसण्यावारी नेलं.

आता तिथली रीत अशी, की सर उभे असले की शिकाऊ डॉक्टरांनी बसायचं नाही. एका सकाळी राउंड चालू असताना सलीलनं खाटेची दांडी धरली नि हळूच विचारलं, "बसू का, सर?"

कमलाकर सगळ्या पेशंटांदेखत म्हणाला, "आम्ही काय बसून बसून डॉक्टर झालो का रे?"

पोरगा उभाच राहिला. ड्यूटी संपल्यावर मोटरसायकलनं घरी निघाला. नेरच्या अलीकडे, चालत्या गाडीवरच त्याचा डोळा लागला, तो कायमचाच. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नव्हती.

लोक म्हणाले, अपघात. कमलाकरही तेच म्हणाला. सलीलच्या आईवडिलांना भेटायला मात्र गेला नाही.

तर त्या रात्री तो त्याच रस्त्यानं येत होता. लख्ख चांदणं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पुढं रस्त्याच्या कडेला कुणीतरी उभं होतं. अंगात पांढरा अॅप्रन. दवाखान्यातलंच कुणी असेल म्हणून यानं गाडी थांबवली, काच खाली केली.

"बसू का, सर?"

आवाज तोच...

बस. एवढंच म्हणायचं होतं. तेही जमलं नाही. गाडी दामटली. आरशात पाहिलं नाही. शेजारच्या सीटकडे पाहिलं नाही. पण ऐकू येत होतं... श्वास. गाढ झोपेतला. संथ... यवतमाळ येईपर्यंत.

मी त्याला नंतर विचारलं, लई भ्याला का रे?

तो म्हणाला, "भीतीचं काही नाही. लाज वाटली. मेल्यावरही मी त्या पोराले बस नाही म्हटलं."

घरी गेलाच नाही तो. गाडी लावली, कुलूप केलं, तडक वॉर्डात गेला. प्राची सलाइनच्या स्टँडला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपली होती. त्यानं स्वतःची खुर्ची ओढत आणली.

"बस, बेटा. आजची रात्र मी आहो."

ती आधी घाबरली, मग खुर्चीत बसून खूप रडली. कमलाकर उजाडेपर्यंत एकेका खाटेपाशी उभा होता.

सकाळीच त्यानं मला बोलावून घेतलं. एकट्यानं गाडीजवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती. ऊन अजून पडायचं होतं, काचांवर दव होतं. कुलूप मीच उघडलं. आत त्याच्या शेजारची सीट पार मागं पाडलेली होती, एखाद्यानं आडवं व्हावं तशी.

मी सीटवर हात ठेवला.

गरम होती.