भरलेले चार सेल

पाण्याखालून आलेले आजीचे वाक्य इतके शांत होते, की त्यातला धोका ऋजुताच्या ध्यानात यायला क्षणभर लागला.

"ऋजू, माझी विजेरी विझली आहे. सेल पूर्ण भरलेले होते, तरी विझली."

आजी म्हणजे डॉ. यशोधरा कुबल, समुद्री स्पंजांच्या अभ्यासक. मालवणच्या किनाऱ्यापासून बऱ्याच दूर, समुद्रतळावरच्या एका खडकाच्या कपारीत त्या शिरल्या होत्या. खोली फार नव्हती. भय होते ते डोक्यावरच्या छताचे. उघड्या समुद्रात काही बिनसले तर पाणबुड्या सावकाश वर येऊ शकतो. कपारीत वर पाहावे तर खडकच. बाहेर पडायचे ते आल्या वाटेनेच, आणि ती वाट दाखवणारी दोरी अंधारात आजीच्या हातून निसटली होती.

"आणि कमरेची छोटी विजेरी?" होडीवरून ऋजुताने ध्वनिफोनमध्ये विचारले. पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात, ध्वनी मात्र दूरवर जातो. म्हणून पाणबुड्यांच्या मुखवट्यात असा फोन बसवलेला असे.

"सोडवताना फटीत पडली. शोधायला गेले आणि गाळ उठवून बसले. आता हलत नाही. स्वस्थ राहिले तर हवा पाऊण तास पुरेल. बोलले तर कमी. तेव्हा तू बोल, मी ऐकते."

ऋजुताने मागे पाहिले. होडी चालवणारे तांडेल पास्कू काका किनाऱ्याशी बोलून नुकतेच वळले होते. त्यांचे नाक लाल झाले होते. सर्दीने कान बंद असताना पाण्यात उतरले, तर बाहेरचा दाब आणि कानातला दाब यांचा मेळ बसत नाही आणि कानाचा पडदा फाटू शकतो. ऋजुता तर पाण्याखाली उतरायला अजून शिकलेली नव्हती.

"दुसऱ्या होडीला यायला तास तरी लागेल, बाय," ते म्हणाले. "मी उतरतो. कान गेला तर गेला."

"तू उतरलास तर वाचवायला दोन माणसे होतील," फोनमधून आजीचा आवाज आला. "पास्कू, वर बस. कुर्लीला पाठवा."

कुर्ली हा होडीवरचा यंत्रमानव. सहा पाय आणि दोन पंजे, म्हणून मालवणीतले खेकड्याचे नाव त्याला मिळाले होते. तर्कात तो कोणाला हार जात नसे, आणि आपण चुकू शकतो हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्याच्या कपाळावरचा दिवा होडीवरच्या सगळ्या दिव्यांत प्रखर. तो पेटवून कुर्ली पाण्यात उतरला. थोड्याच वेळाने त्याने कळवले, "माझ्यापुढे पांढरी भिंत आहे. नकाशात इथे भिंत नाही."

"भिंत नाही, गाळ आहे," आजी म्हणाल्या. मग थांबून, श्वास मोजून त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले. "ऋजू, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की काय होते?"

"रस्ता दिसेनासा होतो. नुसते धुकेच उजळते." ऋजुता थबकली. गाळाचा प्रत्येक कण कुर्लीचाच प्रकाश त्याच्या डोळ्यांकडे परत फेकत होता. शाळेत शिकलेला शब्द तिला आठवला: विकिरण (कणांवर आदळून प्रकाशाने सर्व दिशांना विखुरणे). "म्हणजे कुर्लीचा दिवा कमी पडत नाही, तो फार पसरतो. छायाचित्रांसाठी केलेला आहे ना तो. आपल्याला अरुंद झोत हवा. आणि तो डोळ्यांजवळ नको, हात लांब करून बाजूला धरायचा, म्हणजे डोळ्यांसमोरचे कण उजळणारच नाहीत."

"शाबास. पुढे."

होडीवर अरुंद झोताची एकच विजेरी होती, आणि ती रिकामी. तिला एकापुढे एक असे दोन सेल लागत. चार्जरमध्ये चार बसवलेले होते, आणि चारही खाचांवर हिरवा दिवा लागलेला.

कुर्ली परत वर आला. त्याच्या पाठीवरून पाणी निथळत होते. "दुसरा आणि चौथा द्या," त्याने सांगितले. "त्यांची वेष्टने सर्वांत नवी आहेत."

ऋजुताचा हात त्या सेलांकडे गेला आणि मध्येच थांबला. "आजी, तुझ्या विझलेल्या विजेरीतले सेलही हिरवेच होते ना?"

"होते," आजी म्हणाल्या. "आणि वेष्टने मीच बदलली आहेत. आठ-नऊ वर्षांचे जुने सेलही त्यात आहेत. टाकवत नाहीत मला."

"टाकवत नाहीत," पास्कू काका पुटपुटले. "किती वेळा सांगितले या बाईंना. जाळे जुने झाले की आम्ही त्याची दोरी करतो, त्याने मासे धरत नाही."

"ऐकू येते आहे मला, पास्कू."

ऋजुताने इंजिनच्या पेटीतला मीटर काढला आणि चारही सेलांचा विद्युतदाब (विजेला तारेतून पुढे ढकलणारा रेटा) मोजला. चारही वेळा काटा त्याच जागी येऊन थांबला.

"समान," कुर्ली म्हणाला. "वाद संपला. वेळ जातो आहे."

"समान तर आजीच्या विजेरीतलेही असणार," ऋजुता म्हणाली. "आजी, सारखे दिसतात, मग सारखे का नाहीत?"

"घागर आणि लोटा," आजीचा आवाज आता तुटक येत होता. "शेजारी ठेव. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भर."

ऋजुताने डोळे मिटून ते चित्र पाहिले. काठी बुडवून पाहिली तर दोन्हींत पाणी सारखेच उंच. ओतायला घेतले तर लोटा कधीच रिकामा होणार. मीटर ही ती काठी होती. तो पाण्याची उंची सांगत होता, भांड्याची रुंदी नव्हे. चार्जरचा हिरवा दिवाही 'काठोकाठ भरले' एवढेच म्हणत होता. किती भरले, हे त्याला ठाऊकच नव्हते. सेल जुना होतो तेव्हा त्याची धारणशक्ती (विद्युतऊर्जा साठवण्याची क्षमता) आटते, जणू घागरीचा लोटा होतो.

"पण दोघांतला एकच लोटा असला तर दुसरा त्याला सांभाळून घेईल," कुर्लीने युक्तिवाद केला.

"खांद्यावर बांबू घेऊन दोघे माशांची टोपली नेतात," पास्कू काका म्हणाले. "त्यातला एक बसला की टोपली बसली. दुसऱ्यात कितीका दम असेना."

"तेच," ऋजुता म्हणाली. "एकापुढे एक जोडलेल्या सेलांतून एकच प्रवाह वाहतो. दुबळा आधी संपतो, आणि सेल बिघडू नयेत म्हणून विजेरी स्वतःच बंद पडते. आजीच्या विजेरीत आत्ताही एक सेल अर्धा भरलेला असेल."

पण चारांतल्या घागरी ओळखायच्या कशा? वापरून संपेपर्यंत वाट पाहायला वेळ कुठे होता? ती पास्कू काकांकडे बघत राहिली. स्वस्थ बसले होते तेव्हा सर्दी सोडली तर ते धडधाकट दिसत. आत्ताच त्यांनी नांगराची दोरी ओढली होती, आणि त्यांची छाती अजून भात्यासारखी चालली होती.

"ओझे," ती म्हणाली. "आजी, सेलांना ओझे द्यायचे. ओढताना कोणाला धाप लागते ते पाहायचे."

"अंतर्गत रोध," फोनमधून आले. "सेलच्या आतच होणारा विजेला अडथळा. वय वाढले की..." वाक्य तिथेच थांबले.

"आजी?"

"आहे. बोलू नकोस. कर."

कुर्लीचा एक जादा पंजा मोटरसकट पेटीत होता. ऋजुताने मोटरच्या तारा पहिल्या सेलला लावल्या, मीटरची टोके सेलवर धरली, आणि पास्कू काकांनी पंजाच्या चिमटीत जाड दोर दिला. पंजाने दोर करकचून आवळला. काटा थोडा खाली आला आणि तिथेच ठाम राहिला.

दुसरा सेल लावला, तोच नव्या चकचकीत वेष्टनाचा. पंजा मिटू लागला, काटा धाडकन कोसळला आणि पंजा अर्ध्यावरच ढिला पडला.

तिसरा पहिल्यासारखाच ठाम निघाला. चौथ्याने सुरुवात चांगली केली, पण काटा पाहता पाहता घसरू लागला. थकलेला माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली बसावा, तसा.

कुर्ली मीटरकडे पाहत होता. "मी दुसरा आणि चौथा निवडले होते," तो म्हणाला, आणि ते दोन्ही सेल त्याने पंजाने बाजूला सारले.

पहिला आणि तिसरा सेल विजेरीत बसले. ऋजुताने झाकणाचे रबरी कडे बारकाईने तपासले, कारण त्यात वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते. एकदा पाण्यात गेलेली विजेरी सेल बदलायला तिथे उघडताही येत नाही. मग तिने प्रकाशाची कळ मधल्या खुणेवर आणली.

"पूर्ण प्रकाशात मला लवकर दिसेल," कुर्ली म्हणाला. या वेळी तो विचारत होता.

"पूर्ण प्रकाश सेल झपाट्याने पितो. तुला आत जायचे आहे, दोरी शोधायची आहे, आणि कपारीत अडकून पडलेल्या फाटक्या जाळ्यांतून आजीला बाहेरही आणायचे आहे. गाळात जास्त प्रकाश म्हणजे जास्त चकाकी. हात लांब धर."

कुर्ली पाण्याखाली दिसेनासा झाला.

आता करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तेच सर्वांत कठीण होते. फोनमधून आजीचा श्वास ऐकू येत होता: एक लांब सुस्कारा, मग बुडबुडे, मग शांतता. प्रत्येक शांतता आधीच्या शांततेपेक्षा मोठी वाटत होती. मधल्या खुणेवर ठेवण्यात आपण चूक तर केली नाही? तिसरा सेल अजून थोडा वेळ ओढायला लावून पाहायला हवा होता का? पास्कू काकांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता.

"डावी फट," कुर्लीचा आवाज आला. "भिंत दिसते आहे. या वेळी खरी भिंत. दोरी दिसत नाही."

श्वास. बुडबुडे. शांतता.

"जाळे आहे. वळसा घेतो." बराच वेळ काही नाही. मग, "दोरी सापडली. हालचाल दिसते आहे. हात आहे."

"माझाच," आजी म्हणाल्या. "इतका घट्ट धरू नकोस. दोर नाही तो."

पास्कू काका जोरात शिंकले आणि त्यांनी डोळे पुसले. ते सर्दीमुळे पुसले, असे त्यांनी नंतर दोनदा सांगितले.

आजी पाण्यावर आल्या तेव्हा त्यांच्या टाकीचा काटा लाल पट्टीत शिरला होता. कुर्लीच्या पंजातली विजेरी मात्र भर उन्हातही पेटलेली दिसत होती. होडीत ओढून घेतल्यावर आजी ऋजुताचा हात धरून बसल्या. ओठ निळसर झाले होते.

"जुने सेल आजच संकलन केंद्रात जातील," त्या म्हणाल्या. "त्यांतले धातू काढून नवे सेल करतात. कचऱ्यात टाकायचे नाहीत, आग लागते. आणि काय हवे तुला?"

"दुसरा चार्जर," ऋजुता म्हणाली. "नुसता हिरवा होणारा नको. भरून झाल्यावर प्रत्येक सेलला थोडे ओझे देऊन पाहील आणि त्यात किती मावते तेही सांगेल, असा. मिळतात का तसे?"

"मिळतात. आळसाने घेतला नाही मी. पण तो होडीच्या सौर पत्र्यावर चालत नाही. तसा चालणारा आपण दोघींनी करू. मांडणी तू करायची. मी फक्त चुका काढीन."

कुर्ली होडीच्या कडेला सहा पाय दुमडून बसला होता. त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा स्थिर जळत होता. त्याने मान खाली वळवून तो दिवा बराच वेळ न्याहाळला.

"ऋजुता," तो म्हणाला, "मी पूर्ण भरलेलो आहे, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. मलाही जरा ओझे देऊन पाहाल का?"

ऋजुताने मीटर उचलला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली.