आठवे प्रात्यक्षिक

मेळघाटच्या पठारावरील संशोधन केंद्रात डॉ. उल्का परचुरे आकडे पाहत होत्या. चौसष्ट, एकसष्ट, पंचावन्न... गेल्या वर्षी अठ्ठावीस. उगवणाऱ्या प्रजाती दरवर्षी घटत होत्या. दरवर्षी बाईंनी पावसाला दोष दिला होता. पाऊस बिचारा खुलासा करायला येत नाही.

बाहेर पाइनचे बन होते, चाळीस वर्षांपूर्वी लावलेले, जनुके बदललेले. केंद्रातून ‘ऊन’ हा संदेश गेला की झाडे सुया फांद्यांशी मिटून घेत, ‘सावली’ म्हटले की पसरत. एकही झाड न तोडता विरळणीचा परिणाम दाखवण्याची ही सोय. निम्मी झाडे काढा, मातीत निजलेले रानबी उठेल, पठार पुन्हा नाना वनस्पतींनी भरेल, हा बाईंचा आयुष्यभराचा हट्ट. पण परवानगी समितीची, आणि समिती दरवर्षी नवी. सदस्य येत, पंधरा दिवसांची हिरवळ पाहत, टाळ्या वाजवत, सावली करायला लावत आणि पुढच्या वर्षी ताजा पुरावा मागत. असे सात वेळा झाले होते.

“मॅडम,” वनरक्षक मुंगीलाल कासदेकर दारातूनच म्हणाले, “सात सालं रोपं पाह्यली आपन. फूल एकाचंबी नाही पाह्यलं.”

बाई उठल्या. बीजश्वासमापक घेऊन त्यांनी तीन दिवस बन पालथे घातले. जिवंत बी निजलेले असले तरी मंद श्वास घेते. यंत्र तो मोजते. श्वास सापडले फक्त नऊ प्रजातींचे.

त्यांनी समितीचे अध्यक्ष डॉ. गाडेकर यांना फोन लावला.

“बी एकदाच उगवतं, सर. आपण ऊन देऊन त्याला उठवलं आणि फुलायच्या आत सावली करून मारलं. पुरावा देता देता बियाणंच संपवलं मी.”

“गंभीर आहे,” गाडेकर म्हणाले. “पण समितीला पटायला हवं. आणखी एक प्रात्यक्षिक करा. नऊच उगवल्या तर तुमचं म्हणणं सिद्ध.”

“आणि पंधरा दिवसांनी?”

“सावली. झाडं मिटली की कर्ब शोषत नाहीत; कर्ब शोषण्याच्या करारात त्याहून जास्त ऊन बसत नाही.”

बाईंना रडू कोसळले. कासदेकर समोर होते, तरी त्यांनी ते लपवले नाही.

आषाढात आठवे प्रात्यक्षिक झाले. नऊच प्रजाती उगवल्या. समितीने मोजल्या, बाईंचे म्हणणे एकमताने मान्य केले आणि जेवून गेली.

सोळाव्या दिवशी गाडेकरांचा फोन आला. “सावली केलीत ना?”

“नाही. संदेशयंत्रणा मी फोडली. झाडं आता मिटलेलीच राहतील.”

“बाई, नोकरी जाईल!”

“जाऊ दे. बी उन्हानं मरत नव्हतं सर, सावलीनं मरत होतं. रोपांना नवं बी धरेपर्यंत वेळ हवा.”

वेळ सरकारनेच दिला. चौकशी नेमली गेली, तिचे सदस्य ठरले, एक बदलला, गाडी मंजूर झाली. दिवाळीच्या तोंडावर तीन अधिकारी बडतर्फीचा हुकूम आणि नवी यंत्रणा घेऊन पठारावर आले. वाट मोडली होती, म्हणून ते सरळ बनातून चालत निघाले.

नऊ प्रजातींपैकी तेरडा कमरेएवढा वाढला होता. त्यांच्या विजारी घासल्या तशी पिकलेली बोंडे तडातड फुटू लागली आणि बी चहूकडे उडाले. साहेब दचकून बाजूला झाले, तिथलीही फुटली.

“साहेब, थांबू नका,” कासदेकर हात जोडून म्हणाले. “असंच चाला. जरा तिकडूनबी फिरून या.”