पात्यावरचा थर

टर्बाईनच्या पात्यावर केसाहूनही पातळ ऑक्साईडचा थर धरतो. तापलेलं पातं निवताना धातू जास्त आक्रसतो आणि थर त्याच्याबरोबर आवळला जातो. लेझरचा हिरवा किरण टाकला की तो लाल चमकतो. त्या लालीची छटा किती सरकली, त्यावरून थरातला दाब कळतो. प्रयोगशाळेत हा दाब मोजणं, हेच तिचं काम. दाब शून्यावर आला, की थरानं धातूची पकड सोडली म्हणायची, मग वरून तो कितीही धडधाकट दिसो.

टेबलावरचं हे पातं तिच्याच नवऱ्यानं वीज केंद्रात काढलेलं. तेही हातमोजे न घालता. स्वारीला घाई फार.

थंड पात्यातला दाब हलत नसतो. याचा हलायचा. तिनं यंत्र उलटसुलट तपासलं, दुसरी पाती लावून पाहिली. ती सगळी गुणी बाळं. शेवटी न राहवून तिनं नवऱ्याला फोन लावला.

"आत्ता काय करतोयस?"

"टर्बाईनच्या आत शिरलोय. का गं, इन्स्पेक्टरीणबाई?"

तो आत शिरला की आकडा चढे, बाहेर आला की उतरे. चारदोनदा फोन करून तिनं खात्री केली. बोलणार कुणाजवळ? लोकांनी वेड्यात काढलं असतं. तिची मात्र झोप उडाली.

एका दुपारी आकडा एकाएकी शून्यावर आला.

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. त्यानं फोन उचलेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अगं, बरा आहे मी. गरम हवेचा झोत आला अंगावर, एवढंच. साधा ओरखडा नाही. घरी निघालोय."

तिचे साहेब पात्यावर वाकले. "थर तर अख्खा दिसतोय. पाण्याचा थेंब टाकून बघ. पकड सुटली असेल, तर उचलला जाईल."

तिनं थेंब सोडला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा सबंध थर सुटून आला.

ती धावतपळत घरी पोचली. तो दारात बूट काढत होता. हसत होता. तिला रडूच फुटलं.

"थांब, जवळ नको येऊस. काजळीनं माखलोय. आधी अंघोळ करतो."

"नको! आज पाणी नको."

"काहीतरीच तुझं!"

त्यानं न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. नळ सुटला.

ती दार बडवत राहिली. "अरे, उघड ना!"

"आलोच गं," तो म्हणाला.

आवाज अगदी नेहमीचा होता. फक्त तो दाराखालच्या फटीतून, फरशीलगतून येत होता.