प्रयागबाईंची पोत

त्या दुपारी हुडकेश्वरच्या एका गल्लीत मी चुकीच्या घराचं फाटक वाजवत उभी होते. मे महिन्याचं ऊन. दुपट्ट्यानं डोकं-तोंड असं गुंडाळलेलं की बाहेर फक्त डोळे...

"तिथं कोणी नाही राहत!" शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. "काहून उन्हात उभ्या राहिल्या? कोण पाहिजे?"

"प्रयागबाई. त्यांच्या हरवलेल्या पोतीचा क्लेम आहे ना... मी विम्याची सर्व्हेअर. कामिनी."

"मग इकडं या. पण तो दुपट्टा सोडा बरं. आत्ताच चोरी झाली आमच्याकडं, लोक उगाच घाबरतील."

मला हसू आलं. दुपट्ट्याआड ते त्याला दिसलं नसणार. तरी तोही हसला.

हा प्रीतम, प्रयागबाईंचा मुलगा. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून आलेला, झोपेविना डोळे लाल, आणि तरी ते डोळे हसरे. मी कागद काढून खाली बघत राहिले. वर बघितलं की तो बघत असायचा.

घराच्या विम्यात दागिनेही होते. त्यातली सोन्याच्या मण्यांची पोत गेली होती. प्रयागबाईंच्या नवऱ्यानं वारण्याआधी हौसेनं केलेली. त्यांनी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत ठेवली. खाली दूध उतू जात होतं म्हणून गेल्या. परत येतात तर पोत नाही. तेव्हा शेजारच्या भिंतीला रंग देत होता लहानू. पोलिसांनी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं, आणि तेव्हापासून गल्लीत कोणी त्याला काम देईना.

"संशय कोणावर आहे, काकू?" मला रिपोर्टसाठी विचारणं भाग होतं.

"कोणावरच नाई," प्रयागबाई म्हणाल्या. "लहानूनं नाई घेतली. तो माणूस पाणी बी मागून पेते."

"पण असं मोघम लिहिलं तर क्लेम अडकेल..."

"अडकू द्या," प्रीतम शांतपणे म्हणाला. "कोणाचं नाव खराब करून आम्हाले काही नाही पाहिजे."

माझा पेन थांबला. नुकसान फुगवून सांगणारी माणसं मला रोज भेटतात. असं बोलणारा पहिल्यांदाच भेटला होता.

जागा बघायला आम्ही गच्चीवर गेलो. मी कठड्याजवळ वाकले मात्र — डोक्यावर फडफड झाली आणि टोच बसली! प्रीतमनं कोपऱ्यातलं सूप उचलून माझ्या डोक्यावर धरलं. आम्ही दोघं एका सुपाखाली, आणि वर एक कावळीण नुसती चवताळलेली.

"लागलं?"

"नाही..." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पण एवढी का चिडली ती?"

"पिल्लं असतील जवळ."

गच्चीला लागून कडूनिंब होता. आम्ही पाण्याच्या टाकीवर चढलो, फांदी जरा बाजूला केली... आणि ते दिसलं.

घरटं काड्यांचं कमी, तारांचं जास्त. तांब्याची तार, लोखंडी तार, वाकवलेला हँगर, चष्म्याची एक दांडी. एकात एक अशी गुंफलेली, की माणसाच्या बोटांनाही जमू नये. मधोमध मऊ काथ्या, त्यात निळसर-हिरवी, ठिपक्यांची अंडी. आणि त्या अंड्यांभोवती वेढा घातल्यासारखी — पोत. पानांतून ऊन आलं की एकेक मणी पेटायचा, विझायचा.

आम्ही दोघंही बोललो नाही. देवळात बोलत नाहीत तसं. त्याचा हात माझ्या हाताला लागून होता. कोणीच हात काढून घेतला नाही.

"आई!" शेवटी तो हळूच म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर सगळं उडून जाईल.

प्रयागबाई स्टुलावरून टाकीवर चढल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या. "माय वो... कशी सजवली वं लेकरं!" डोळे पुसले आणि म्हणाल्या, "प्रीतम, आधी लहानूले फोन लाव. त्याले म्हण, गल्लीतल्या सगळ्याईले घेऊन ये. पाहू दे त्याईले."

"आणि पोत?" मी विचारलं.

"राहू दे. तिची पिल्लं उडू दे, मंग काढू."

संध्याकाळी लहानू त्या टाकीवर चढला. ज्यांनी त्याला चोर म्हटलं होतं ते खाली माना घालून उभे होते. तो घरट्याकडे बघत हसत होता, गालांवरून पाणी वाहत होतं.

प्रीतमनं आईच्या वतीनं क्लेम मागे घेतला. माझं काम संपलं. फाटकापर्यंत तो सोडायला आला.

"पण मॅडम, वस्तू अजून ताब्यात कुठं आली? लक्ष ठेवायले कोणीतरी पाहिजे ना..."

"ते सर्व्हेअरचं काम नाही."

"नसू द्या. रविवारी या."

मी गेले. मग दर रविवारी जात राहिले. अंडी फुटली, लालभडक चोची उघडल्या. एकदा वादळात अख्खी फांदी हेलकावत होती, आणि ती कावळीण पंख पसरून घरट्यावर घट्ट बसून होती. आम्ही गच्चीच्या दाराआडून पाहत होतो. "एवढ्याशा जिवात एवढं बळ कुठून येत असेल?" मी म्हटलं. तो घरट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

शेवटचं पिल्लू उडालं त्या दिवशी प्रीतमनं पोत अलगद सोडवून आणली. प्रयागबाईंनी ती गळ्यात घातली आणि सगळ्यांना दाखवायला खाली गेल्या. गच्चीवर आम्ही दोघंच.

"चला," मी म्हटलं. "आता मला यायला काही कारण उरलं नाही."

"एक आहे..." तो अडखळला. रात्रभर यंत्रांशी झुंजणारा माणूस, पण आता नखानं कठड्याचा पोपडा खरवडत होता. "पुढच्या रविवारी मले तुमच्या घरी यायचं आहे. आईले घेऊन. तुमच्या बाबांशी बोलाले. म्हणजे... तुम्ही हो म्हणत असाल तर. मले तुम्ही लई आवडता."

ऐकता ऐकता मला पहिल्यांदा घरटं पाहिलं तेव्हासारखं झालं. मी नुसता त्याचा हात धरला.

"हो म्हणून राहिल्या का तुम्ही?" त्यानं घाबरतच विचारलं.

"प्रीतम," मी म्हटलं, "आता तरी मला 'तू' म्हण ना."