ओच्या पुढची अक्षरं

तोरणमाळच्या पठारावरच्या अवकाश-श्रवण केंद्रात हेमलता दुसाने शिरल्या, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ उलटं धावत होतं. एकेचाळीस मिनिटं उरली होती. त्यांना कुणी 'बसा'सुद्धा म्हणालं नाही.

हेमलताबाईंची हयात इंग्रजी शब्दांत गेली होती. कोणतीही चार अक्षरं सांगा, ती ज्यांत आहेत असे सगळे शब्द अर्थासकट सापडावेत, असा कोश त्यांनी बावीस वर्षं खपून केला होता. शाळेतली मुलं तो कोडी सोडवायला वापरत. अशा बाईचं इथे काय काम, हे त्यांना हेलिकॉप्टरातून उतरेपर्यंत उमगलं नव्हतं.

केंद्रप्रमुख विश्राम धुमाळ येरझारा घालतच बोलले. "गुरूच्या युरोपा या चंद्रावर आपलं ठाणं आहे. तिथे दोन माणसं होती. डॉ. नलिनी वाकोडे आणि यंत्रज्ञ इमॅन्युएल उजगरे. चार दिवसांपूर्वी बर्फ फाटला. आता फक्त आणीबाणी-प्रेषक चालतोय, तोही एकतर्फी. इमॅन्युएल लिहितो ते आपल्याला मिळतं, आपलं काही त्याला पोचत नाही."

"आणि तो लिहितो इंग्रजीत."

"हो. प्रेषक प्रत्येक अक्षराचा क्रमांक पाच स्पंदांत पाठवतो. एक, दोन, चार, आठ आणि सोळा अशा त्यांच्या किमती, त्यांची बेरीज म्हणजे क्रमांक. पाचवा स्पंद सोळाचा, आणि तोच जळालाय. एपासून ओपर्यंतची पंधरा अक्षरं चार स्पंदांत बसतात, ती येतात. पीपासून पुढचं प्रत्येक अक्षर यंत्राच्या तपासणीत चुकीचं ठरतं आणि गाळलं जातं."

त्यांनी तीन संदेश पुढे ठेवले. पहिला होता, 'नलिनी फेल इन. नलिनी डाइड.' नलिनी आत पडली, नलिनी मेली. दुसरा आला दोन दिवसांनी, नुसता चिंध्या झालेला: ए, ई, मग 'इन', मग ओ, ओ, एम.

"वॉटर इन रूम," हेमलताबाई पटकन म्हणाल्या. "खोलीत पाणी."

"बरोबर. त्यावरूनच बिघाड कळला. तिसरा आज सकाळचा."

तिसरा होता, 'वन अँड वन इन केबिन. कोल्ड. कम.'

"आमच्या शब्दपूरक यंत्राच्या मते 'वन' म्हणजे मूळचा 'स्टोन'. एस आणि टी गळाले की ओ, एन, ई उरतात. केबिनमध्ये दगडच दगड, थंडी आहे, या." धुमाळ थांबले. "वर 'तारक' यान घिरट्या घालतंय. चालक फिरोजा एकाच माणसासाठी उतरणार असेल, तर दुसऱ्या माणसाला आणायची जादा कुपी सोडून द्यायची आणि लगेच खाली जायचं. कुपी ठेवली तर वजनामुळे तीन तास जादा लागतील. त्या थंडीत तीन तास म्हणजे इमॅन्युएलचा जीव. आज्ञा तिथे पोचायला पाऊण तास लागतो, म्हणून ते घड्याळ शून्यावर यायच्या आत ती निघायला हवी. यंत्राचा अर्थ बरोबर आहे, एवढं सांगा. मी आज्ञा धाडतो."

हेमलताबाई कागद घेऊन उभ्याच राहिल्या. पाय एका जागी ठरेनात. काहीतरी खुपत होतं आणि घड्याळ डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"साहेब, दुसऱ्या संदेशात तो 'रूम' म्हणाला. तिसऱ्यात त्याच खोलीला 'केबिन' का म्हणाला?"

"घाईत माणूस काहीही लिहितो."

"'रूम'मध्ये आर आहे, तो गळतो. 'केबिन'मधलं एकही अक्षर गळत नाही. 'कोल्ड' बघा, 'कम' बघा. तिसऱ्या संदेशात फुटका शब्द एकही नाही. प्रेषकावर गेलेल्या मजकुराची पट्टी निघते का?"

"निघते. पण अंधारात..."

"मधे त्यानं ती बघितली. त्याला कळलंय, साहेब! तो आता ओपर्यंतच्या अक्षरांचेच शब्द वेचून लिहितोय. मग त्यात भर घालायची नाही, जसं आहे तसं वाचायचं."

"म्हणजे वन अँड वन?"

"एक आणि एक. त्याला 'टू' लिहायचं होतं. टी आणि डब्ल्यू जात नाहीत, म्हणून बेरीज मांडली त्यानं. केबिनमध्ये दोघं आहेत."

धुमाळांचा आवाज चढला. "बाई, दुसरं कोण असणार? नलिनी मेली, हे त्यानंच लिहिलंय! तो शब्द तर अख्खा आहे. परवा तिच्या आईला मी स्वतः सांगितलं."

घड्याळात चौदा मिनिटं होती. हेमलताबाईंनी पहिला कागद उचलला.

"हा कधीचा? त्याला बिघाड कळायच्या आधीचा. मग यातलं अक्षर गळलेलं असू शकतं. शब्द अख्खा दिसला म्हणून आपण कुणी शंकाच घेतली नाही." त्यांनी कागदावर डी लिहिला, जागा सोडली, मग आय, ई, डी. "इथे आर घाला. ड्राइड. कोरडी केली. ती पाण्यात पडली, त्यानं तिला बाहेर काढलं आणि कोरडी केली."

धुमाळांनी तो कागद ओढून घेतला.

"तुम्ही चुकत असाल तर?" धुमाळांनी हळू विचारलं.

"तर रिकाम्या कुपीपायी मी इमॅन्युएलला मारलं."

धुमाळ खिडकीपर्यंत जाऊन परत आले. चार मिनिटं राहिली असताना त्यांनी आज्ञा दिली. कुपी सोडू नये.

पुढचे सात तास हेमलताबाई एकदाही बसल्या नाहीत. कुणी चहा पुढे केला, तो हातातच निवला. वाट बघण्याखेरीज त्यांना काही करता येत नव्हतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

मग फिरोजाचा आवाज आला. "दोघंही यानात आहेत. नलिनी बोलतेय. इमॅन्युएलची उजव्या हाताची तीन बोटं गोठून गेलीत. ती बोटं वाचणार नाहीत."

मागोमाग एक घोगरा आवाज आला. इमॅन्युएल मराठीतच बोलला. "यान वर दिसत होतं. इतका उशीर का केलात?"

धुमाळांनी ध्वनिक्षेपक हेमलताबाईंच्या हाती दिला. त्यांनी नाव सांगितलं. "तुमचं एक अक्षर आम्हाला मिळालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यामुळे नलिनी गेली असं आम्ही धरलं होतं. यान एकट्या तुमच्यासाठीच उतरणार होतं. तो उशीर मी करवला."

उत्तर यायला दीड तास लागणार होता. आता मात्र त्या खुर्चीवर टेकल्या.

उत्तर आलं ते एका बाईच्या आवाजात. "मी नलिनी. इमॅन्युएलला बोलता येत नाहीये. तो त्या हाताकडे बघत रडतोय आणि मधेच हसतोय. बाई, कोणतं अक्षर होतं हो ते?"