तांदळात लिहिलेलं नाव

आधी एक कोडं सोडवा. एक बाई रोज सकाळी तुमच्यासमोर बसून चहात खारी बुडवून खाते. तुमची वेणी घालते, आणि केस ओढते ते वेगळंच. पण जगातल्या सगळ्यात हुशार यंत्राला विचारलं, तर ते म्हणतं की अशी कुणी संशोधक बाई झालीच नाही. मग खोटं कोण? बाई, यंत्र की तुम्ही? आमच्या वर्गाने एका मिनिटात ठरवून टाकलं. खोटी मी.

झालं असं. भुसावळच्या आमच्या शाळेत पाण्याचा धडा चालला होता. आम्हाला गुरुयंत्र शिकवतं. ते कधी चिडत नाही, म्हणून मला त्याचा फार राग येतो. आता घरोघरी नळाला केळगाळणी असते (केळीच्या खोडाची वाळलेली सोपटं जाळून केलेला कोळसा भरलेली, पाणी गाळायची नळी). गुरुयंत्राने विचारलं, "ही कोणी शोधली?" मी हात वर करून ओरडलेच, "माझ्या आजीनं! वैजयंती भंगाळेनं!"

गुरुयंत्राचे डोळे लुकलुकले. "नोंद आढळली नाही. केळगाळणीचे जनक प्राध्यापक देवकुळे. शलाका भंगाळे, विधान असत्य."

माझ्या मनगटपट्टीवर लाल ठिपका उमटला. शुक्रवारपर्यंत पुरावा दिला नाही, तर तो कायमचा राहणार होता. पुढच्या प्रत्येक वर्गात मी कोण, तर खोटारडी. मागच्या बाकावरचा पुष्कर म्हणाला, "माझ्या आजोबांनी तर चंद्र शोधला!" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्या आल्या मी दप्तर फेकलं आणि भिंतीवरच्या झटपटला विचारलं. झटपट म्हणजे आमचं बोलकं शोधयंत्र. तोंडाने विचारायचं, ते एकच उत्तर देतं, आणि सगळे मान डोलावतात. "झटपट, केळगाळणीचा शोध माझ्या आजीनं लावला ना?"

"केळगाळणीचे जनक प्राध्यापक देवकुळे."

मी पुन्हा विचारलं. मग ओरडून विचारलं. मग पाय आपटून.

"ओरडून काय होणार, माय?" आजी स्वयंपाकघरातून आली. "बहिरा असता तर गोष्ट वेगळी. त्याला ऐकू येतंय, फक्त कळत नाही."

मी रडत रडत ठिपका दाखवला. आजीचा चेहरा दगडासारखा झाला. "सोड. मी सोडलं, तूही सोड."

"तू सोडलंस म्हणून मी खोटारडी व्हायचं?" मी म्हणाले. हे तिला लागलं. ती माळ्यावरून एक धुळकट कळफलक घेऊन आली (बोटांनी अक्षरं दाबून लिहायची पाटी). पदराने पुसून तिने तो पडद्याला जोडला.

"आता नीट ऐक. शोधयंत्राला जग ठाऊक नसतं. त्याच्याकडे एक भलीमोठी सूची असते. पुस्तकाच्या शेवटी नसते का, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी? तशीच. आपण शब्द दिले की ते त्या शब्दांची पानं काढतं, आणि ज्या पानांवर लोक जास्त जातात ती वर ठेवतं. झटपट त्यातलं वरचं एक वाचून दाखवतो. खालची शंभर पानं तो तुला सांगतही नाही. आता सांग, 'माझ्या आजीनं लावला ना' असं कुठल्या पानावर लिहिलेलं असेल?"

"कुठल्याच नाही," मी पुटपुटले.

"मग प्रश्न लिहू नकोस. उत्तर लिहिणाऱ्याने जे शब्द वापरले असतील, ते लिही."

मी "केळगाळणी" लिहिलं. दुकानंच दुकानं! स्वस्त केळगाळणी, सोनेरी केळगाळणी, दोनवर एक फुकट. आजी म्हणाली, "नको त्या शब्दाला चिकटून आधी वजाचं चिन्ह दे. मधे जागा सोडू नकोस." मी -किंमत, -विक्री असं लिहिलं. दुकानं गेली, पण जिकडेतिकडे देवकुळे सर उरले. मग आजीचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं (शब्दांच्या दोन्ही बाजूंना " "). त्यामुळे ते दोन शब्द त्याच क्रमाने, शेजारीशेजारीच शोधले जातात. नाहीतर यंत्र कुठली वैजयंती आणि कुठला भंगाळे गोळा करून आणतं. काही म्हणजे काही मिळालं नाही.

"आजी, तू काम केलंस तेव्हा याला केळगाळणीच म्हणायचे?"

आजी एकदम माझ्याकडे वळली. "नाही गं! हे नाव तर कारखानेवाल्यांनी दिलं. आम्ही 'सोपटाचा कोळसा' म्हणायचो."

मी तेच अवतरणचिन्हांत लिहिलं. आजीने काळाची मर्यादा घालायला लावली, म्हणजे तिच्या लग्नाच्या आधीची पानं तेवढी दिसली. चार निकाल आले. तिने ते चार वेगळ्या टॅबमध्ये उघडायला सांगितले (एकाच खिडकीत शेजारी उघडलेली पानं), म्हणजे यादी हरवत नाही. तिसऱ्या टॅबमध्ये निघाली एका जुन्या विज्ञान परिषदेची स्मरणिका. जाडजूड, पानं संपता संपेनात. मी वरून वाचायला लागले तर आजीने कपाळावर हात मारला. "कंट्रोल धरून एफ दाब. पानातल्या पानात शोधता येतं. सगळा भात चिवडत बसू नये."

दाबलं. पडदा थेट त्या ओळीवर गेला. "सोपटाचा कोळसा वापरून जलशुद्धी. संशोधन: कु. इंदुप्रभा वारके. मार्गदर्शक: प्रा. देवकुळे."

म्हणजे देवकुळे सर नव्हतेच! पण आजीही नव्हती. "ही कोण इंदुप्रभा?" मी रडवेली झाले.

आजीने त्या नावावर बोट टेकवलं. "मी," ती म्हणाली.

माझा विश्वासच बसेना. बारा वर्षं मी जिच्या कुशीत झोपले, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं!

"लग्न झालं त्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले. तुझ्या आजोबांनी अंगठीने त्यात 'वैजयंती' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. वडलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, इंदुप्रभाही गेली. चांगलंच होतं गं नाव, पण मला कोणी विचारलं नाही. प्रयोगशाळाही सुटली. सरांनी काम पुढे नेलं, आणि पुढे नेता नेता मार्गदर्शकाचे जनक झाले. मी कधी शोधलंच नाही. कोणत्या नावाने शोधायचं?" तिचा आवाज कडू झाला होता. मला त्या ताटाचा इतका राग आला की ते सापडतं तर मी फोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्मरणिका गुरुयंत्रापुढे धरली. त्याने ती शांतपणे वाचली. "इंदुप्रभा वारके यांची नोंद घेतली. त्या आणि वैजयंती भंगाळे एकच, याचा पुरावा नाही. विधान असत्य." पुष्कर म्हणाला, "आता दोन आज्या झाल्या!"

बरोबरच होतं. तांदळात लिहिलेलं कुठल्या सूचीत जातं? जेवणाच्या वेळी ते तांदूळ लोकांनी खाऊनही टाकले असतील. संध्याकाळी मी आजीसारखा विचार केला. ज्याने दोन्ही नावं लिहिली असतील, त्याच्या पानावर ती एकत्र असतील. मी "वैजयंती भंगाळे" आणि "इंदुप्रभा वारके" अशी दोन्ही वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत, एकाच ओळीत लिहिली. काळाची मर्यादा आठवणीने काढली.

एकच पान आलं. महिला मंडळाचा दिवाळी अंक. "पाककृती स्पर्धेत केळफुलाच्या वड्यांना पहिलं बक्षीस: सौ. वैजयंती भंगाळे (पूर्वाश्रमीच्या कु. इंदुप्रभा वारके)." सोबत आजीचा फोटो, हातात स्टीलचा डबा.

शुक्रवारी माझा ठिपका गेला. गुरुयंत्राने फळ्यावर नवी नोंद दाखवली. "वैजयंती भंगाळे. केळफुलाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. केळगाळणीच्या संशोधनातही सहभाग." पुष्करने विचारलं, "वड्या कधी खायला देणार?" मी ओरडले, "सहभाग काय सहभाग? क्रम बदला!" गुरुयंत्र म्हणालं, "दुरुस्तीची विनंती नोंदवली आहे. वाट पाहावी." मी दर आठवड्याला ती विनंती पुन्हा पाठवणार आहे. बघू कोण आधी दमतं.

घरी सांगितलं तेव्हा आजी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "इतक्या वर्षांनी नाव निघालं, तेही कढईतून!"

मग मी न सांगता तिने कळफलक पुढे ओढला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने लिहिलं: "पूर्वाश्रमीच्या", आणि शेजारी "मंदाकिनी राणे".

"ही कोण?"

"माझ्याबरोबर होती. सोपटं जाळताना तिचा हात भाजला होता, तरी दुसऱ्या दिवशी हजर. तिच्या ताटात काय लिहिलं, मला ठाऊक नाही. पण जुनं नाव ठाऊक आहे, आणि आता कोणता शब्द शेजारी ठेवायचा तेही ठाऊक आहे."

मी तिला टेकून बसले. "आजी, माझ्या लग्नात ताटात तांदूळ आणले ना, तर मी त्यांची खिचडी करणार."

"आणि नाव?"

"शलाका. आहे तेच."

"मीठ नीट घाल मग," आजी म्हणाली, आणि तिने शोधाचं बटण दाबलं.